मयताच्या गाडीला सात हात

नाही, मी म्हणतो, मरायचंच होतं तर गाडी पुरी करून मरायचं होतं ना! अर्धवट टाकून कसला जातोस? माणूस गेलाय, मी काही वाईट बोलणार नाही. पण त्या माणसानं जन्मात एक काम असं केलं नाही की ज्यात माझी पंचाईत झाली नाही, आणि निदान मरताना तरी तो मला सोडेल असं मला उगीचच वाटलं होतं.

कोण म्हणून काय विचारता? आमच्या मॉडेल क्लबातला हो! आम्ही त्याला 'करवत' म्हणायचो. एक तर हातात कायम बारीक करवत, आणि दुसरं म्हणजे बोलणंही तसलंच, जाताना कापणार आणि येताना कापणार. धंदा लिफ्टदुरुस्तीचा. आयुष्यभर लोकांना वर पाठवलं, शेवटी स्वतः गेला… बघा, म्हणजे मला बोलायचं नव्हतं, तोंडातून निघून जातं!

तर आम्ही गाड्या बनवतो. वीतभर गाड्या. खोक्यात प्लास्टिकचे सुटे भाग येतात, ते जोडायचे, घासायचे, रंगवायचे. त्यातही आमचं वेड हॉट रॉडचं. हॉट रॉड म्हणजे काय, तर जुन्या जमान्यातली एखादी साधी, सरळमार्गी, डोक्यावर टोपी घातल्यासारखी उंच गाडी घ्यायची, तिचं छप्पर कापून बुटकं करायचं, बॉनेट काढून इंजिन उघडं टाकायचं, मागं जाडजूड चाकं, पुढं बारीक, आणि नाकापासून दारापर्यंत पेटलेल्या ज्वाळा रंगवायच्या. काही लोक हे खऱ्या गाडीचं करतात. आम्ही वीतभर गाडीचं करतो. बायको म्हणते, "तेवढंच बरं, वेडसुद्धा छोट्या मापात आहे."

आणि वर्षातून एकदा क्लबाची स्पर्धा. एक कप. पितळी. नऊ वर्षं, नऊ वर्षं म्हणतोय मी, पहिला करवत आणि दुसरा मी! एखाद्या वर्षी तरी तिसरा यावं की नाही माणसानं, जरा बदल म्हणून? नाही! दुसरा! मी कामाला जातो तिथे, दवाखान्याच्या मागच्या खोलीत मी दातांच्या कवळ्या बनवतो, तर आमचे दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडात दोन्ही हात घालून तिथूनच ओरडतात, "काय हो, यंदाही दुसरेच का?" आणि तो पेशंट, तोंड उघडं, बोलता येत नाही, तोसुद्धा डोळ्यांनी हसतो! मला तो कप हवा होता. दुसरं काही नको होतं. एकदा, फक्त एकदा, तो कप त्या मागच्या खोलीत कवळ्यांच्या शेजारी ठेवायचा आणि डॉक्टरांना म्हणायचं, "या, चूळ भरायला या."

बरं, करवतच्या गाड्या चांगल्या होत्या का? होत्या. कापाकापीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, मान्य. पण रंग? अहो रंग! संत्र्याची साल बघितलीय ना, तसा खडबडीत रंग! मी माणसांचे दात रंगवतो, एकेका दातात पांढऱ्याच्या पाच-पाच छटा भरतो, मला तो रंग डोळ्याला चावायचा. पण परीक्षकाला छप्पर कापलेलं दिसलं की तो विरघळलाच! आणि निकाल लागला की करवत दर वर्षी माझ्या गाडीपुढं यायचा, चष्मा काढायचा, पुसायचा, परत घालायचा आणि म्हणायचा, "रंग झकास! आता त्याच्या आत एखादी गाडी पण बसव." दर वर्षी! तेच वाक्य! आणि लोक दर वर्षी नव्यानं हसायचे!

माणूस गेलाय, मी काही वाईट बोलणार नाही. पण तो गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? 'यंदा पहिला नंबर.' झालं. अहो तोंडं काय वाकडी करता, मनात येतं ते काय विचारून येतं का? लाज वाटली मला. नाही असं नाही. जिना उतरेपर्यंत वाटली.

भेटायला गेलो. गेला कसा, तर कामाच्या टेबलावरच, खुर्चीत बसल्या बसल्या. चिमट्यात गाडीचं स्टिअरिंग धरलेलं, नखाएवढं, आणि ते म्हणे हातातून सोडवता सोडवेना. सगळे डोळे पुसतायत, आणि माझी नजर गेली टेबलावर, तिथं झाकून ठेवलेल्या गाडीवर. बायकोनं असा चिमटा काढला दंडाला! बाहेर आल्यावर म्हणाली, "अहो, माणूस गेलाय तिथं, तुम्ही चाकं काय मोजताय?" म्हटलं, चाकं नाही मोजत, चार असतात हे मला माहितीय, मी फक्त रंग झालाय का ते बघत होतो.

आणि पंधरा दिवसांनी दारात कोण? वहिनी! करवतची बायको! हातात बुटांचा खोका. शांत बाई. तिचा आवाज कधी वर गेलेला मी ऐकला नव्हता. पाणी प्यायली, खोका माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "भाऊजी, एवढी पुरी करून द्या. सगळं झालंय, फक्त रंग राहिलाय. ह्यांच्या नावानं शेवटची स्पर्धेत ठेवते."

म्हटलं, "वहिनी, मी? माझीच गाडी आहे ना स्पर्धेत!"

"तुम्हीच. हे नेहमी म्हणायचे, रंग मारावा तर तुम्हीच."

आता खरं सांगतो, ऐकून गळा दाटून आला. नऊ वर्षं ज्या शब्दासाठी… म्हटलं, "असं म्हणायचा तो?"

"हो. म्हणायचे, बाकी त्याला काही म्हणता काही येत नाही, पण रंग मारतो."

गळा मोकळा झाला. वहिनींनी बजावलं, की कुणाला सांगायचं नाही, नियमच आहे, गाडी ज्याची त्यानं स्वतःच्या हातानं केलेली पाहिजे. ह्यांनी जायच्या आधीच पुरी केली होती असं मी लिहून देते, हे तुमच्या-माझ्यात राहू दे. मी म्हटलं, राहील. बायको आतून ऐकत होतीच. वहिनी गेल्यावर म्हणाली, "स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायला काही वेळ लागला नाही हो तुम्हाला."

पण थांबा! मला काय दुधखुळा समजलात? मी हो म्हटलं त्याला कारण होतं. रंग माझ्या हातात, म्हणजे नंबर माझ्या हातात! असा रंग मारतो म्हटलं, की परीक्षक बघून म्हणेल, अरेरे, शेवटी शेवटी हात थकला होता बिचाऱ्याचा. आणि मी पहिला. कुणाला कळणार? करवत सांगायला येणार होता?

खोका उघडला. गाडी बाहेर काढली… आणि बसलोच हो मी! छप्पर इतकं खाली घेतलेलं की खिडकी म्हणजे नुसती फट, आणि सांधा? सांधा कुठाय? नखानं चाचपला, भिंगातून बघितला, उजेडाकडे तिरकं धरून बघितला, कापल्याची खूणच नाही! जन्माला येतानाच बुटकी आलीय असं वाटावं! असा जळफळाट झाला माझा, आणि त्याच वेळी असं वाटलं, की ह्याला आत्ता फोन लावून विचारावं, लेका, हे केलंस कसं? फोन हातात घेतला होता मी! मग आठवलं. तेव्हा मात्र मला वाईट वाटलं. जिना उतरून परत चढेपर्यंत वाटलं.

आणि रंग कुठला ठरवून ठेवलेला? लाल! पण साधा लाल नाही, आतून पेटल्यासारखा दिसणारा लाल! त्यात आधी खाली सोनेरी रंग देतात, आणि वर पारदर्शक लाल, एकावर एक पातळ सात हात. एक हात कमी पडला की गाडी सरबतासारखी दिसते, एक जास्त झाला की वांग्यासारखी. सोनेरी त्यानं मारून ठेवला होता, ज्वाळांवर लाल बसू नये म्हणून तिथं पट्ट्यापण चिकटवल्या होत्या. फक्त सात हात बाकी.

आमच्याकडे रंगकाम बाथरूममध्ये चालतं. हसू नका, जाणकार माणसं तिथंच रंगवतात! आधी गरम पाणी सोडून वाफ करायची, वाफेनं हवेतली धूळ खाली बसते, मग ओलावा उतरेपर्यंत पाऊण तास दार बंद, आणि मग पंपाच्या बारीक फवाऱ्यानं रंग. आणि रंग वाळेपर्यंत आत कुणी जायचं नाही. बायको बाहेरून दार वाजवत, "मी अंघोळ कुठं करू? त्या गाडीत बसून करू?"

पहिला हात मारला. बरं का, वाईट मारायचा ठरवूनच मारला. मारला आणि बघतो तर… आरशासारखा! आता ह्याला काय करायचं? तीस वर्षं कवळ्यांवर घटवलेला हात, त्याला वाईट मारता येईना! दुसरा मारला. तोही बरोबर! म्हटलं, हे असं चालायचं नाही. जुन्या टॉवेलचा धागा ओढला, आणि ओल्या रंगावर, अगदी बरोबर मागच्या डिकीवर, वरून अलगद सोडला. बसला! चिकटला! म्हटलं, घे, करवत! रंग झकास, आता त्याच्यावर एक टॉवेल पण घाल!

बाहेर आलो, चहा घेतला. चहा काही गोड लागेना. साखर घातली, तरी लागेना. डोळ्यापुढं तो धागा! अहो दुसऱ्याच्या कामावर का होईना, रंग माझा होता ना! कप तसाच ठेवला, आत धावलो, चिमट्यानं धागा काढला, खड्डा पडला, तो घासला, परत हात मारला. बायको म्हणाली, "काय झालं?" म्हटलं, काही नाही, करवत पोचला पहिल्या नंबराच्या जवळ.

माणूस गेलाय, मी काही वाईट बोलणार नाही. पण मीही हार मानणारा नव्हतो. पाचवा हात ओला असताना अंगठा दाबला. सरळ! छपरावर! असा ठसा उमटला की पोलीस येऊन घेऊन गेले असते. आणि दार लावून कामावर निघून गेलो, म्हटलं आता बघूच, चिमट्यानं अंगठा निघत नाही! तर तिथं एक म्हातारबुवा आलेले, त्यांच्या समोरच्या दाताचं काम करायचं, आणि मला त्या दातावर अंगठा दिसतोय! डॉक्टर म्हणाले, "अहो, हा दात गुलाबी का झालाय?" घरी आलो आणि पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर घेऊन घासायला बसलो. तीन दिवस! तीन दिवस मी माझाच अंगठा पुसत होतो! जोरात घासलं तर खालचा सोनेरी उघडा पडतो, म्हणून बोटानं, हळूहळू, पाण्याच्या थेंबाथेंबानं… आणि ह्या सगळ्यात स्पर्धा आली चार दिवसांवर, आणि माझी स्वतःची गाडी? माझी गाडी कपाटात, अंगावर नुसतं रंगाखालचं करडं अस्तर, उघडीबोडकी!

मग काय, धावपळ! मीही तसाच लाल धरला, पण सोनेरी वाळायच्या आत पट्ट्या लावल्या, पट्ट्या ओढताना सोनेरी उचकटला, तो झाकायला लाल जाड मारला, तो ओघळला, ओघळ लपवायला आणखी एक हात, आणि झालं वांगं. माझ्या हातचं! मी, दातांच्या छटा ओळखणारा! बायकोनं दोन्ही गाड्या शेजारी शेजारी बघितल्या, बराच वेळ बघितल्या, आणि म्हणाली, "ह्यातली तुमची लाल ना?" मी वांगं उचलून कपाटात ठेवलं.

स्पर्धेचा दिवस. हॉलमध्ये लांब टेबलं, पांढरे कागद अंथरलेले, आणि आमचा परीक्षक हातात टॉर्च घेऊन फिरतोय. एकेका गाडीवर वाकतो, टॉर्च मारतो, चोरासारखा आत डोकावतो. करवतच्या गाडीपाशी आला. टॉर्च मारला. आणि गाडी पेटली हो! खरंच पेटली, आतून! ज्वाळा सोनेरी, अंग लाल, छप्पर खाली दबलेलं… सगळा हॉल गोळा झाला. आणि मी मागं उभा. एक हात टाळीला उचलला, दुसऱ्यानं तो खाली ओढला.

मग निकाल. पहिला, अर्थातच, करवत. टाळ्या! दुसरा, अर्थातच, मी. पुढं गेलो, तर परीक्षकानं माईक हातातच धरून ठेवला. म्हणाला, "मित्रहो, आपल्या ह्या गेलेल्या मित्राची एकच बाजू कच्ची होती, रंग. पण जाता जाता माणूस तेही शिकून गेला! आणि तुम्ही," म्हणजे मी, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, पण रंग कसा मारावा हे आता तुम्ही त्यांच्याकडून शिका."

मला! त्याच्याकडून! रंग!

गेला माझा तोल. वचनबिचन सगळं विसरलो. म्हटलं, "अहो तो रंग माझा आहे! सातही हात माझे आहेत! माझ्या बाथरूममध्ये मारलेत!"

मग कुणीतरी मागून म्हणालं, "शी! मेलेल्या माणसालाही सोडत नाही." परीक्षक बिचारा चांगला माणूस, त्यानं मला समजावलं. माझी गाडी उचलली, टॉर्च मारला. "हे बघा, हा ओघळ. हा उचकटलेला सोनेरी. आणि आता हे बघा." म्हणजे करवतची गाडी. "तुम्हीच सांगा साहेब, ही दोन कामं एका माणसाची वाटतात का?"

काय सांगू? नव्हती वाटत! मला स्वतःला नव्हती वाटत!

म्हटलं, वहिनींना विचारा! सगळ्या माना वहिनींकडे वळल्या. पहिल्या रांगेत बसलेली ती शांत बाई उठली. माझ्याकडे बघितलं. कपाकडे बघितलं. परत माझ्याकडे बघितलं. आणि पदरानं डोळे टिपून म्हणाली, "भाऊजींच्या मनाला फार लागलंय हो ह्यांचं जाणं. त्यांना कुणी पाणी द्या."

दिलं! खरंच दिलं! दोघांनी धरून खुर्चीत बसवलं, एकानं पाठीवर हात फिरवला, एक जण म्हणाला, "रडून घ्या."

माणूस गेलाय, मी काही वाईट बोलणार नाही. पण ती आहे ना, तिच्याबद्दल बोलायला काय हरकत आहे? हॉलबाहेर गाठली मी तिला. कप काखोटीला मारून उभी! म्हटलं, "वहिनी, हे काय केलंत?" तर शांतपणे म्हणते, "वचन तुम्ही मोडलंत भाऊजी, मी नाही." आणि पिशवीतून काढला एक खोका! बुटांचा! म्हणाली, "कपाटात ह्यांच्या अजून चौदा आहेत. सगळ्यांची छपरं कापून झालीयत, रंग तेवढा कुणाचाच नाही. हे म्हणायचे, रंगाला बसलो की मला राग येतो. सापडत जातील तशा मी स्पर्धेत ठेवत जाईन."

मी म्हटलं, शक्य नाही! हात जोडले! तर म्हणते, "राहू दे मग. धबधब्याला देते."

धबधबा म्हणजे आमच्या क्लबातला दुसरा एक, ज्याचा रंग आजवर कधी गाडीवर थांबलेला नाही, कायम खाली टेबलावर. त्याला देणार! मी नुसतं झाकण उघडून बघितलं. नुसतं बघितलं हो! लांबलचक गाडी, छप्पर असं तिरकं मागं उतरत गेलेलं, मागच्या काचेपर्यंत, सांधा कुठे शोधून सापडायचा नाही… आणि ह्याच्यावर धबधबा? माझ्या डोळ्यांदेखत? हिसकावून घेतला मी तो खोका!

घरी आलो. बायकोनं दार उघडलं. "कितवे आलात?"

म्हटलं, "पहिला."

अहो, तिचा चेहरा असा खुलला! लग्नानंतर पहिल्यांदा! "काय सांगता! मग कप कुठाय?"

म्हटलं, "करवतच्या घरी."

मग माझ्या काखेकडे बोट केलं. "आणि हे काय आणलंय?"

म्हटलं, "हे ना? ह्या गाडीनं मला पुढच्या वर्षी हरवायचंय. जरा बाथरूम रिकामी कर."